प्लॅस्टिकचे माड

इमारतींच्या आयुष्यात एक वाईट वय असते, मुलांचे तेरा-चौदाचे असते तसे. नवेपणाची तुकतुकी गेलेली असते आणि जुनेपणाचा मान अजून मिळालेला नसतो. दीडशे वर्षांच्या वाड्यात शिरताना माणूस आपोआप आवाज खाली आणतो, कालपरवा बांधलेल्या इमारतीत शिरताना चपला झटकतो. पण साठ-पासष्ट वर्षांची इमारत पाहिली की त्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, हिचे आता करायचे काय? दागिन्यांचेही तसेच आहे. पणजीची ठुशी आपण मिरवतो आणि आईच्या लग्नातल्या, त्या वेळच्या फॅशनच्या बांगड्या मोडीत घालून नव्या करतो. मधल्या कुण्या बाईला ती ठुशीही अशीच जुनाट वाटली असेल, आणि तिच्या हातून ती मोडायची राहिली म्हणून आपल्या गळ्यात आली, हे काही आपल्या ध्यानात येत नाही.

हा विचार मला सुचला तो अमेरिकेत, न्यू जर्सी राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, वाइल्डवूड नावाच्या गावी. माझी लेक त्याच राज्यात एडिसनला राहते. उन्हाळ्यात चार दिवस समुद्रावर जायचे ठरले, तेव्हा तिने विचारले, "आई, तुला जुनी घरं आवडतात ना? मग केप मे का वाइल्डवूड?" ही दोन गावे अगदी शेजारशेजारची. केप मे म्हणजे नक्षीदार लाकडी सज्ज्यांच्या व्हिक्टोरियन घरांचे गाव. 1878 च्या आगीत ते बरेचसे जळाले आणि मग त्या काळच्या पद्धतीने पुन्हा उभे राहिले. 1976 साली सारे गावच्या गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. वाइल्डवूडचे मात्र नाव घेतले की माणसे हसतात. तिथे 1950 ते 1970 या काळात बांधलेली मोटेले, निऑनच्या पाट्या आणि प्लॅस्टिकचे माड आहेत, असे कळले. मी म्हटले, "मग माडच बघू."

माझे माहेर गुहागरकडचे. माड म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. त्यामुळे मोटेलच्या फाटकापाशी गाडी थांबली आणि पोहण्याच्या हौदाभोवती हिरव्या झावळ्यांचे, तपकिरी खोडांचे सात-आठ माड वाऱ्यावर कडकड वाजताना दिसले, तेव्हा मला हसू आवरेना. झावळीचा आवाज सळसळ असा येतो, कडकड नव्हे. नातू म्हणाला, "आजी, इथे थंडीत बर्फ पडतो, खरा माड मरून जाईल." त्याचे म्हणणे बरोबर होते. पूर्ण उंचीचे प्लॅस्टिकचे माड या गावात पहिल्याने कॅरिबियन नावाच्या मोटेलाने लावले, असे तिथे मोठ्या अभिमानाने सांगतात. पुढे साऱ्या गावाने ते उचलले.

मोटेल हा शब्द आपल्याकडे हायवेवरच्या जेवणाच्या जागेला चिकटला आहे. मूळ शब्द मोटार आणि हॉटेल यांच्या संधीतून निघालेला, 1925 सालचा, कॅलिफोर्नियातला. मोटारीने आलेल्या माणसाने आपल्या खोलीच्या दाराशीच गाडी उभी करावी, बॅगा काढाव्यात आणि आत जावे, एवढाच त्याचा अर्थ. लढाई संपल्यावर अमेरिकेत कारखान्यांतल्या कामगारांच्याही दारांत मोटारी आल्या, पगारी रजा आली. फिलाडेल्फियाकडून माणसे इथे येतच होती, उत्तरेकडून येणारा गार्डन स्टेट पार्कवे 1955 च्या सुमारास झाला आणि मग तर रीघच लागली. वाइल्डवूड हे पाच मैलांच्या वाळूच्या बेटावरचे गाव. तिथला किनारा इतका रुंद की पाण्याशी पोचेपर्यंत पाय भाजून निघतात, आणि फुकट! न्यू जर्सीच्या बहुतेक किनाऱ्यांवर उन्हाळ्यात वाळूवर पाऊल टाकायलाही तिकीट पडते, इथे पडत नाही. श्रीमंतांनी दुसरीकडे जावे आणि बाकीच्यांनी इथे यावे, असा संकेतच होता म्हणा ना.

या बाकीच्यांसाठी बांधणाऱ्यांनी जी मजा करून ठेवली आहे ती पाहण्यासारखी आहे. मोटेले बांधणाऱ्यांत मोरी घराण्याचे नाव मोठे. कॅरिबियन 1957 साली लू मोरीने बांधले. ही मंडळी फ्लोरिडात जाऊन मायामीची मोठमोठी हॉटेले पाहून येत आणि त्यांचा थाट सिमेंटच्या ठोकळ्यांच्या दुमजली इमारतीत बसवीत. मायामीला 1955 साली ईडन रॉक नावाचे भव्य हॉटेल झाले, इथेही त्या नावाचे मोटेल निघाले. ज्या गिऱ्हाइकाला हवाईपर्यंत जाणे परवडणार नव्हते त्याच्यासाठी वायकीकी, ज्याला पूर्वेकडे जाता येणार नव्हते त्याच्यासाठी सिंगापूर, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाता येणार नव्हते त्याच्यासाठी टँजियर्स. 1957 साली रशियाने स्पुटनिक सोडला, लगोलग इथे सॅटेलाइट आणि अ‍ॅस्ट्रोनॉट. कॅरिबियनचा हौद चंद्रकोरीसारखा, शातो ब्लू नावाच्या मोटेलाचा बदामाच्या आकाराचा. कठडे तिरके, काचा कललेल्या, छपरे उडू पाहणाऱ्या पाखरासारखी. वर्षभर कारखान्यात एकाच जागी उभ्या राहणाऱ्या माणसाला आठवडाभर कुठेतरी दूर गेल्यासारखे वाटावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. गिऱ्हाइकालाही ठाऊक होते की हे सिंगापूर नव्हे.

मात्र हे स्वप्न सगळ्यांसाठी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्याच काळात काळ्या अमेरिकनांना प्रवासाला निघताना, कुठे उतरू देतील आणि कुठे देणार नाहीत हे सांगणारे 'ग्रीन बुक' नावाचे पुस्तक बरोबर ठेवावे लागे. 1936 पासून ते निघत होते. हॉटेल-मोटेलांना असा भेदभाव करायची देशभर बंदी झाली ती 1964 च्या कायद्याने. रंगीबेरंगी पाट्यांची छायाचित्रे पाहून हळवे होणाऱ्यांनी एवढे मनात ठेवावे.

आम्ही उतरलो त्या मोटेलाचे नाव मी सांगत नाही, कारण मालकीणबाईंना त्यांच्या घरगुती गोष्टी छापून आलेल्या आवडायच्या नाहीत. पहिल्या संध्याकाळी मी खोलीबाहेर आले आणि थबकले. इंग्रजी एल अक्षरासारखी दुमजली इमारत. प्रत्येक मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गॅलरी. गॅलरीत ओळीने दारे, दाराबाहेर खुर्च्या, कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल आणि पोहण्याचे कपडे. खाली चौकात पोरांचा कालवा. शेजारच्या खोलीतली बाई कठड्याला रेलून खालच्या मजल्यावरच्या बाईशी बोलत होती. पलीकडे एक आजोबा बनियनवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होते, आणि प्रत्येक जण त्यांना ओलांडून जाताना काहीतरी बोलल्याशिवाय जात नव्हता. मी लेकीला हाक मारली. "अगं, ही तर आपली गिरगावातली चाळ!"

ती हसली, पण थोड्या वेळाने तीही खुर्ची ओढून बाहेर येऊन बसली. एडिसनला इतकी वर्षे राहून आपल्या भिंतीपलीकडे कोण राहते हे तिला ठाऊक नाही. इथे दोन तासांत शेजारणीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत मजल गेली. हे माणसांच्या स्वभावाने होत नाही, सलग गॅलरीने होते. खोलीत जायला सगळ्यांच्या दारांवरून जावे लागते, म्हणून बोलावे लागते.

आणि नेमकी हीच गोष्ट पाडापाडीत आधी जाते. 2000 नंतरच्या चार-पाच वर्षांत इथे जमिनीचे भाव भलते चढले. मोटेल वर्षातून तीन-सव्वातीन महिने चालणार, मेअखेरीला उघडणार आणि सप्टेंबर लागताच ओस पडणार. त्याच जमिनीवर मालकीहक्काचे फ्लॅट बांधून विकले तर एका वर्षात पिढीची कमाई. मोटेलांमागून मोटेले गेली. सॅटेलाइट 2004 साली पडले. नव्या इमारतींत प्रत्येकाला स्वतंत्र बाल्कनी आहे, दोन बाल्कन्यांमध्ये आडोसा आहे, आणि वर्षातले बरेच महिने आत कुणीच नाही.

जपणाऱ्यांनीही स्वस्थ बसून घेतले नाही. या शैलीला 'डू-वॉप' हे नाव पडले ते गाण्यावरून. त्या काळची पोरे कोपऱ्यावर उभी राहून वाद्यांशिवाय गात, आणि वाद्यांच्या जागी डू-वॉप, डू-वॉप असे निरर्थक बोल घालत. आपल्याकडे तराण्यात तोम-तनन म्हणतात तसे. 1997 साली या नावाची एक जतन संस्था निघाली. स्टीव्हन आयझेनूर हा वास्तुतज्ज्ञ आपल्याबरोबर विद्यापीठांतले विद्यार्थी घेऊन आला. लास व्हेगासच्या झगमगाटी पाट्यांकडे गंभीरपणे बघायला शिकवणारे, 1972 साली निघालेले जे गाजलेले पुस्तक आहे, त्याच्या तिघा कर्त्यांपैकी हा एक. ज्या पाट्यांना शहाणीसुरती माणसे नाक मुरडत होती, त्या विद्यार्थ्यांकडून मापे घेऊन काढवून घेणे ही मला मोठी गोष्ट वाटते. 2001 साली तो वारला. 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय जतन न्यासाने देशातल्या सर्वांत संकटात सापडलेल्या अकरा वारसास्थळांत या मोटेलांचे नाव घातले.

सरकारी नोंदीचे प्रकरण मौजेचे आहे. तिथल्या राष्ट्रीय वारसानोंदीत नाव यायला इमारत साधारणपणे पन्नास वर्षांची असावी लागते. त्याआधी यायचे तर काही असाधारण महत्त्व दाखवावे लागते. शातो ब्लू 1962 चे, त्याची नोंद 2004 साली झाली. कॅरिबियनची 2005 साली. दोघांनाही पन्नाशीची वाट पाहायला वेळ नव्हता. पण ही नोंद म्हणजे चिलखत, असे जर कुणी समजत असेल तर ते खोटे आहे. मालकाने आपल्या पैशांनी आपली नोंदलेली इमारत पाडायची ठरवली, तर नुसती ती नोंद त्याचा हात धरत नाही. मायामीच्या किनाऱ्यावरचा आर्ट डेको भाग 1979 सालीच नोंदीत गेला होता. तरी तिथले सेनेटर नावाचे हॉटेल 1988 मध्ये पाडले, गाड्या ठेवायला जागा हवी म्हणून. कॅरिबियन वाचले ते त्या कागदाने नव्हे. 2004 साली, ते पाडले जाऊ नये म्हणून एका जोडप्याने ते विकतच घेतले, म्हणून वाचले.

आमच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. सकाळी सहाला हातगाडीवर धुतलेल्या चादरींचे गठ्ठे घेऊन निघत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर चादरीची दोन टोके धरली आणि आमची ओळख झाली. (काम करणाऱ्या बाईशी बोलायचे तर आधी कामाला हात लावावा लागतो, हा नियम जगात सगळीकडे एकच आहे.) मी म्हटले, "तुमचं मोटेल फार सुंदर आहे. हे विकू नका."

त्यांनी चादर झटकली. "सगळे हेच म्हणतात. आमच्या लहानपणीच्या आठवणी आहेत, मोडू नका, म्हणतात. मी विचारते, यंदा किती रात्री राहणार? तर म्हणतात, यंदा आम्ही मेक्सिकोला चाललोय."

मग त्यांनी हिशेब सांगितला. खारा वारा कठड्याचे लोखंड खातो, दरवर्षी रंग. हौदाची गळती. मालमत्तेचा कर जमिनीच्या भावाबरोबर चढतो. खोलीचे भाडे तसे चढवता येत नाही, कारण येणारे गिऱ्हाईक तेच, बेताचे. मुलगा दुसऱ्या शहरात चांगल्या नोकरीवर. त्याला चादरी बदलायच्या नाहीत. "या जागेत बारा घरं बसतात असं मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी येऊन सांगतं," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हणते. पण मी दरवर्षी एक वर्षाने मोठी होते आहे."

मला पुढे काही बोलवेना, कारण मी स्वतः त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे. आमची गिरगावातली चाळ 2011 साली पुनर्विकासाला गेली. संमतिपत्रावर सह्या घेत सेक्रेटरी दारोदार फिरले, तेव्हा मी पहिल्या दहांत सही केली. त्याच सुमारास एक परदेशी छायाचित्रकार चाळीत आला होता. लाकडी कठड्यांवरून हात फिरवत तो म्हणाला, हे तुम्ही पाडता कामा नये. मी त्याला मजल्याच्या टोकाला नेले आणि सकाळी सातची संडासाची रांग दाखवली. त्या रांगेत सासूबाई ऐंशीव्या वर्षी काठी टेकून उभ्या राहत. ती सही मी आज पुन्हा करायची वेळ आली तरी करीन.

तरीही मनात एक गोष्ट राहते. नवी इमारत झाली, घरात संडास आला, लिफ्ट आली, आणि लिफ्टमधून माणसे थेट आपापल्या दारात उतरू लागली. संडास घरात आणायचा तर सलग गॅलरी गेलीच पाहिजे, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? हा प्रश्न आम्हांला कुणी विचारला नाही आणि आम्हीही कुणाला विचारला नाही. चटईक्षेत्राची भाषा सगळ्यांनी शिकून घेतली होती. गॅलरीत दळणाचा डबा टेकवून पाऊण तास बोलण्याला किती चौरस फूट लागतात, याचा आकडा कुणाकडेच नव्हता.

वाइल्डवूडला हा प्रश्न काही जणांनी विचारलेला दिसतो, म्हणून मला त्या गावाचे कौतुक वाटते. स्टारलक्स म्हणून एक मोटेल आहे. जुन्याच एका मोटेलाचा सांगाडा ठेवून, 2000 च्या सुमारास त्याला नवे कपडे चढवले. सर्फसाइड हे 1963 चे गोल उपाहारगृह जागेवरून हटवावे लागले, तेव्हा त्याचे पोलादी भाग सोडवून ठेवले आणि पुढे ते दुसऱ्या जागी पुन्हा उभे केले. आता त्यात डू-वॉपचे संग्रहालय आहे. पडलेल्या मोटेलांच्या निऑन पाट्या त्याच्या अंगणात लावल्या आहेत. फळकुटांच्या लांबलचक बोर्डवॉकवर 1949 पासून पिवळ्या-निळ्या ट्रामगाड्या फिरतात. त्या मुळात 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेल्या. 'ट्रामगाडी सांभाळा' असे बजावणारा एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज 1971 पासून वाजतो आहे. नातू दिवसभर त्या बाईची नक्कल करून आम्हांला हैराण करीत होता.

संग्रहालयाच्या अंगणातल्या पाट्या मात्र मला पाहवल्या नाहीत. पाटीखाली दार नाही, दारामागे खोली नाही. केप मेला आम्ही नंतर एक दिवस जाऊन आलो. तिथे 1879 चा फिजिक घराण्याचा बंगला आहे. तोही पाडायच्या बेतात होता. 1970 साली गावातल्या मंडळींनी संस्था काढून तो वाचवला. म्हणजे शेजारी वाइल्डवूडला मोटेले ऐन भरात होती, त्याच दिवसांत केप मेची ती नक्षीदार घरे लोकांना जळमटे धरलेली अडगळ वाटत होती! आमच्या मरीन ड्राइव्हचे काय निराळे झाले? 1930 नंतर तिथे गोल सज्ज्यांच्या इमारती उभ्या राहिल्या; माझे वडील त्यांना बिस्किटांचे डबे म्हणत. 2018 साली युनेस्कोने त्या डब्यांना, ओव्हल मैदानापलीकडच्या गॉथिक इमारतींच्या जोडीने, जागतिक वारसा ठरवले. वडील असते तर त्यांनी वर्तमानपत्र दोनदा वाचले असते.

शेवटच्या रात्री शनिवार होता. जुलैतला शनिवार म्हणजे सुगी. अंधार पडला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी निऑन उजळले. दिवसा जे भडक दिसते ते रात्री शोभते, हे नाटकातल्या राजाच्या मुकुटासारखे आहे. निऑन वायूचा खरा रंग तांबडा-नारिंगी. निळा हवा असेल तर नळीत आरगॉन आणि किंचित पारा घालतात, आणि बाकीचे रंग काचेच्या नाही तर आतल्या लेपाच्या करामतीने येतात. काचेची नळी ज्योतीवर मऊ करून, एका टोकाने फुंकर घालत, हाताने अक्षर वळवावे लागते. ते करणारे हात आता थोडे उरले आहेत. आमच्या मोटेलाच्या पाटीतले एक अक्षर मेचपासून मिटलेले होते. मी विचारले तर मालकीणबाई म्हणाल्या, "कारागीर हिवाळ्यात येतो म्हणालाय. तोवर ते अक्षर मनातल्या मनात वाचायचं."

पाटीच्या खाली दुसरी एक छोटी पाटी होती, 'व्हेकन्सी' अशी, जागा आहे. तिच्या अलीकडे 'नो' हा शब्द वेगळ्या नळीचा, वेगळ्या बटणावर. शेवटची खोली गेली की तेवढा पेटवायचा. साडेनवाला एक कुटुंब आले, तीन पोरे, मोटारीच्या टपावर सामान. मालकीणबाईंनी भिंतीवरच्या खिळ्याची शेवटची किल्ली काढून त्यांना दिली. मग माझ्या नातवाला बोलावले आणि टेबलामागचे बटण दाखवले. त्याने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. त्याने बटण दाबले. बाहेर तांबडा 'नो' दोनदा फडफडला आणि पेटला. रस्त्यावर वेग कमी करत आलेली एक गाडी तशीच पुढे निघून गेली, आणि मालकीणबाई खुर्चीत बसून पायांतले बूट काढू लागल्या.